पोट कशानं फुगलंय ते आधी ओळखा: अंडाशयाच्या कॅन्सरमधी पोटाचा त्रास हलका कसा करायचा

माझी माय अंडाशयाच्या कॅन्सरनं गेली. ऑपरेशन झालं, केमोचे ६ डोस झाले, मधलं एक वर्ष चांगलं गेलं, खुरपायला सुद्धा जाऊन आली शेतात, आणि मग पुन्हा पोट वाढू लागलं. शेवटचे सात-आठ महिने आमच्या घरातलं सगळं तिच्या पोटावर ठरायचं, पोट हलकं असलं की घर हलकं, पोट तटतटलं की कोणाच्याच घशाखाली घास उतरायचा नाही.

त्या काळात एका दवाखान्यात आम्हाला सांगितलं की आता करण्यासारखं काही राहिलं नाही, घरी न्या आणि सेवा करा. सेवेला आम्ही तयारच होतो हो, पण पोट दगडासारखं झालेल्या बाईची सेवा म्हणजे रात्री दोन वाजता उठून नेमकं काय करायचं हे कोणीच सांगितलं नाही. पुढं पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे आजारातला त्रास हलका करणाऱ्या, एक डॉक्टर मॅडम भेटल्या, त्यांच्या सिस्टर भेटल्या, आणि तवा कळालं की आजार बरा करायला काही उरलं नसलं तरी त्रास कमी करायला लई काही असतं. ते आम्हाला दोन महिने उशिरा कळालं. ते दोन महिने मायनं उगीच सोसले, याचं मला आजबी वाईट वाटतं, म्हणून हे लिहू लागले.

मी डॉक्टर नाही, केज तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते. खाली औषधांची नावं लिहिलीत ती मेडिकलवरून आणून द्यायला नाही, डॉक्टरांना नाव घेऊन विचारता यावं म्हणून. डोस प्रत्येक पेशंटचा वेगळा असतो, किडनी, वजन, वय सगळं बघून ठरतो.

एक गोष्ट आधीच सांगते. पॅलिएटिव्ह म्हणजे शेवट आला असं नाही. केमो चालू असताना पण हे सगळं करता येतं आणि करायलाच पाहिजे. आणि कॅन्सर परत आला असला तरी कित्येक बायांना पुन्हा केमो देऊन पोटातलं पाणी आटोक्यात येतं, त्यामुळं कॅन्सरच्या डॉक्टरांना हे एकदा स्पष्ट विचारून घ्या, की केमोचा फायदा आहे का, का आता अंगाला झेपणार नाही. आमच्या भागातली माणसं बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलला जातात, छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी कॅन्सर हॉस्पिटलला जातात, काहीजण थेट मुंबईला टाटाला. जिथं ट्रीटमेंट चालू आहे तिथंच पॅलिएटिव्हचा विभाग आहे का विचारा, जिल्हा रुग्णालयात पण विचारा.

"पोट फुगलंय" एवढंच सांगू नका

आम्ही प्रत्येक वेळी डॉक्टरांना एकच वाक्य सांगायचो, पोट फुगलंय. आता वाटतं की हीच आमची मोठी चूक. कारण पोट पाण्यानं फुगतं, गॅसनं फुगतं, संडास साचून फुगतं, आतडं अडकून फुगतं, आणि गाठच मोठी होऊन पण फुगतं. दिसायला सगळं सारखंच, उपाय मात्र प्रत्येकाचा वेगळा, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला दिला तर नुकसान होतं.

पाण्याचं फुगणं हळूहळू वाढतं, दिवसागणिक. दोन्ही कुशी भरतात, बेंबी बाहेर येते, कातडी ताणून चकाकते, आडवं झालं की दम लागतो, दोन घास खाल्ले की पोट भरतं. कळ अशी येत नाही, तडस लागल्यावाणी वाटतं दिवसभर. संडास साचलं असेल तर तीन-चार दिवसाचा हिशोब लागतो, भूक मरते, मळमळतं, आणि कधीकधी नुसतं पातळ पाणी थोडंथोडं पडतं, त्याला माणसं जुलाब समजतात आणि जुलाब बंद करायची गोळी देतात, म्हणजे आणखीनच अडकतं. आतडं अडकलं असेल तर मुरडा येतो, येतो आणि जातो, पोटात गुडगुड आवाज, मग उलटी, आणि उलटी झाली की थोडा वेळ बरं वाटतं. वारा सरणं बंद होतं. उलटी आधी पिवळी-हिरवी, नंतर तपकिरी आणि घाण वासाची.

हे रोजचं एका वहीत लिहा. आम्ही शंभर पानी वही केली होती, त्यात फक्त पाच गोष्टी: संडास झालं का, वारा सरला का, उलटी किती वेळा आणि कसल्या रंगाची, लघवी किती वेळा, कळ कधी आली. ती वही बघून मॅडमनी पाच मिनिटात जे ओळखलं ते आम्ही महिनाभर तोंडी सांगून कोणाला कळालं नव्हतं.

पोटातलं पाणी

हे पाणी येतं कुठून हे आधी समजून घ्या म्हणजे अर्ध्या शंका जातील. पोटाच्या आतून एक पातळ पडदा असतो, त्याच्यावर कॅन्सरचे बारीक बारीक दाणे पसरतात, त्या जागी रक्ताच्या नळ्या पाझरू लागतात, आणि एरवी जे थोडंफार पाणी असतं ते शोषून घेणाऱ्या बारीक नळ्या चोंदतात. म्हणजे येणं वाढलं आणि जाणं बंद झालं. आपण पितो ते पाणी सरळ तिथं जाऊन साचत नाही. त्यामुळं पेशंटचं पिण्याचं पाणी तोडू नका. आमच्या आत्यानं मायला दिवसाला दोनच पेले पाणी द्यायचं असं ठरवलं होतं, मायेनंच ठरवलं होतं, आणि एप्रिलच्या उन्हात, बेचाळीस डिग्रीत, मायचे ओठ फुटले, लघवी लालसर झाली, आणि पोट होतं तेवढंच राहिलं. मीठ तोडण्याचं पण तसंच, या प्रकारच्या पाण्याला त्यानं फारसा फरक पडत नाही आणि अळणी म्हणून बाई जेवायचीच सोडते.

लघवीच्या गोळ्या देतात, स्पायरोनोलॅक्टोन वगैरे. लिव्हरच्या पाण्याला त्या चांगल्या लागू पडतात, या पाण्याला पुष्कळदा पडत नाहीत. डॉक्टरांनी थोडे दिवस देऊन बघितल्या तर हरकत नाही पण चक्कर येऊ लागली, बीपी उतरू लागला आणि पोट तसंच, तर त्यांना लगेच सांगा.

लवकर आराम देणारा उपाय म्हणजे पाणी काढणं, दवाखान्यात टॅपिंग म्हणतात. त्याची भीती लई असते. आमच्या गल्लीत चार जणींनी सांगितलं, सुई लावली की कॅन्सर पसरतो, एकदा काढलं की सवय लागते, दुप्पट भरतं. मी मॅडमना हे सगळं विचारलं होतं. त्यांनी फरक समजावून सांगितला: सुरुवातीला अंडाशयात एकच बंद गाठ असते आणि ती कॅन्सरची असल्याचा संशय असतो तवा त्या गाठीत सुई घालायची नसते, ते खरं आहे. पण आजार आधीच पोटभर पसरलेला असताना नुसतं पाणी काढल्यानं तो वाढत नाही. आणि पाणी परत भरतं ते सुईमुळं नाही, पाझर चालूच आहे म्हणून भरतं.

कसं करतात ते सांगते, म्हणजे पेशंटला आधीच समजावून ठेवता येईल. आधी सोनोग्राफी करून पाणी जास्त कुठं आहे, आतडं जवळ नाही ना, हे बघतात, बहुतेक वेळा खालच्या बाजूला कुशीत जागा धरतात. तेवढी जागा इंजेक्शननं बधिर करतात, बारीक नळी घालतात आणि पाणी पिशवीत नाहीतर बाटलीत सोडतात. रक्त पातळ करायची गोळी किंवा इंजेक्शन चालू असेल तर आधी सांगायचं विसरू नका. मायचं पहिल्यांदा काढलं तवा साडेचार लिटर निघालं, फिकट पिवळं, थोडं गढूळ. कधी लालसर पण येतं, घाबरू नका पण डॉक्टरांना दाखवा. साधारण ५ लिटरपर्यंत काढायला पुष्कळदा सलाईन लावावं लागत नाही, पण बीपी कमी असलेल्या, अशक्त पेशंटचं हळूहळू काढतात, मधी मधी बीपी बघतात.

मायला मी जवळून बघत होते. तिसरी बाटली भरत आली तवा तिनं एक लांब श्वास घेतला, पार खालपर्यंत, आणि माझ्याकडं बघून म्हणली, "आत जागा झाली गं." संध्याकाळी तिनं अर्धी भाकर आणि वरण खाल्लं, तीन आठवड्यात पहिल्यांदा. आणि त्या रात्री ती आडवी होऊन झोपली.

काढल्यावर घरी काय बघायचं: उठताना सावकाश, आधी बसवा, मग उभं करा, चक्कर येते. सुईच्या जागेतून एक-दोन दिवस पाणी झिरपू शकतं, दुसऱ्या कुशीवर झोपवा, कोरडा कापूस-पट्टी बदलत रहा, थांबलंच नाही तर दवाखान्यात एखादा टाका घालतात. ताप आला, थंडी वाजली, पोटाला हात लावू देईना, तर वाट बघू नका, त्याच दिवशी न्या, आत जंतू गेल्याची खूण आहे ती.

किती दिवसात परत भरतं याचा हिशोब प्रत्येकीचा वेगळा. आमचं पहिल्यांदा तीन आठवडे टिकलं, मग बारा दिवस, मग आठ. इथं सिस्टरनी एक साधी युक्ती शिकवली होती ती सगळ्यांना सांगते. जुन्या परकराचा एक नाडा घेतला. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, मायला भिंतीला टेकवून बसवून, बेंबीवरून तो नाडा गुंडाळायचा, श्वास सोडला की धरायचा आणि जिथं टोक येईल तिथं पेनानं खूण. पाणी काढल्याच्या दुसऱ्या दिवशीच्या खुणेवर गाठ मारून ठेवली होती. गाठीपासून आजची खूण चार बोटं पुढं सरकली की मायला दम लागायला सुरुवात व्हायची, हे दोन वेळा बघून कळालं, मग आम्ही तीन बोटांवरच फोन करून तारीख घेऊ लागलो. त्यामुळं रात्री-बेरात्री जीप करून धावायची वेळ नंतर आली नाही. तुमच्या पेशंटचा आकडा वेगळा असेल, पण नाडा ठेवा.

दर आठ-दहा दिवसाला जावं लागत असेल तर नळी कायमची ठेवता येते का विचारा. एक साधी पिगटेल नळी असते, ती स्वस्त पडते पण निसटते, जंतू लागायची भीती जास्त. दुसरी कातडीखालून बोगद्यासारखी नेऊन बसवतात, ती महाग आहे पण महिनोन् महिने राहते, घरच्या घरी थोडं थोडं पाणी काढता येतं. आम्ही साधीच बसवली होती. हात साबणानं धुतल्याशिवाय तिला शिवायचं नाही, हा घरातला नियम केला, आणि नातवंडांना लांब ठेवलं.

पाणी काढायची तारीख येईपर्यंत घरी बसणं-झोपणं नीट करा, त्यानं पण लई फरक पडतो. सपाट झोपवू नका. आम्ही खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन-दोन विटा घातल्या, पाठीला लोड, गुडघ्याखाली वाकळ गुंडाळून ठेवली म्हणजे पोटावरचा ताण कमी होतो आणि माणूस खाली घसरत नाही. डाव्या कुशीवर झोपवलं तर पोटाखाली एक मऊ उशी सरकवा, पोट लोंबकळत नाही. दम लागू लागला की टेबल फॅन तोंडासमोर, जवळ, त्या वाऱ्यानं खरंच बरं वाटतं. परकराची नाडी, साडीच्या निऱ्या कमरेला आवळायच्या नाहीत, आम्ही मायला गाऊनच घालायचो, आधी नको म्हणायची, लोक काय म्हणतील, मग स्वतःच मागू लागली. ताणलेल्या कातडीला खाज येते, खोबऱ्याचं तेल हलक्या हातानं, पोट दाबायचं नाही, चोळायचं नाही. पोट उतरवतो म्हणून कोणी मालिश करायला आलं तर नमस्कार करून परत पाठवा.

जेवण

पोटाला आत जागाच नसते, त्यामुळं ताट भरून वाढू नका, ताट बघूनच मळमळतं. वाटी वाटीनं, दोन-दोन तासाला. ज्वारीची आंबील, कण्या ताकात, मऊ भात-वरण, मुगाचं कढण, उकडलेलं अंडं, दही. पाणी काढताना त्यातून प्रोटीन जातं म्हणून डाळ, अंडं, दूध जे चालेल ते थोडंथोडं. जेवता जेवता पाणी प्यायचं नाही, मधल्या वेळात प्यायचं. दोन घासात पोट भरत असेल तर जेवणाआधी अर्धा तास घ्यायची गोळी असते, डॉमपेरिडोन किंवा मेटोक्लोप्रमाइड, त्यानं जठर लवकर रिकामं होतं, पण आतडं पूर्ण अडकलेलं असेल आणि मुरडा असेल तर ती नाही चालत, उलट कळ वाढते. म्हणून मागच्या वेळची चिठ्ठी दाखवून मेडिकलवरून परत आणू नका. आणि खात नाही म्हणून तोंडात घास कोंबू नका. मी कोंबलाय, तिनं माझ्यासाठी गिळला आणि दहा मिनिटात ओकली.

संडास साचणं

दुखण्याची कोणतीही मोठी गोळी, ट्रामाडॉल असो, मॉर्फिन असो, संडास घट्ट करते. उलटीची ऑन्डान्सेट्रॉनची गोळी पण करते. म्हणून दुखण्याची गोळी ज्या दिवशी सुरू झाली त्याच दिवशी पोट साफ व्हायचं औषध सुरू व्हायला पाहिजे, रोज रात्री, साचायची वाट बघायची नाही. लॅक्टुलोजचं पातळ औषध किंवा बिसाकोडिलची, सेनाची गोळी देतात. डॉक्टर लिहायला विसरले तर तुम्ही आठवण करा. लॅक्टुलोजनं कोणाकोणाला गॅस होतो, सांगा, बदलून देतात. इसबगोल मात्र देऊ नका, त्याला भरपूर पाणी लागतं आणि ही माणसं तेवढं पीतच नाहीत, ते आत गोळा होऊन बसतं.

मुरडा, उलटी आणि वारा बंद, असं तिन्ही असेल तर जुलाब व्हायची गोळी, एरंडेल, एनिमा काहीही घरी करायचं नाही. आधी डॉक्टर.

आतडं अडकलं तर

हे सगळ्यात अवघड आणि याच्यावरच सगळ्यात जास्त उपाय न करता माणसं घरी पाठवली जातात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आतड्यावर बाहेरून गाठी चिकटतात, कधी एका जागी कधी चार जागी. एकाच जागी असेल आणि पेशंट ताकदवान असेल तर ऑपरेशन किंवा स्टेंट (आतडं उघडं ठेवणारी जाळीची नळी) होऊ शकतं, सर्जनना विचारा. चार जागी असेल तर ऑपरेशन करून उपयोग होत नाही, आणि तवा "काही करता येत नाही" हे वाक्य ऐकू येतं. ऑपरेशन करता येत नाही एवढाच त्याचा अर्थ धरा.

औषधं आहेत. मुरड्यासाठी आणि आतला रस कमी करायला हायोसिन ब्युटिलब्रोमाइड, ज्याला ब्युस्कोपॅन म्हणतात, ते इंजेक्शननं. ऑक्ट्रिओटाइड नावाचं इंजेक्शन आतड्यातला रस कमी करतं म्हणजे उलटीच कमी होते, ते महाग आहे. डेक्सामेथासोन सूज उतरवायला देतात, कधीकधी त्यानं अडकलेलं थोडं मोकळं पण होतं, ते सकाळी द्यायचं असतं नाहीतर रात्रभर झोप येत नाही, आणि शुगर असेल तर तपासत रहायची. आणि हॅलोपेरिडॉल, उलटीसाठी. याच्याबद्दल आमच्या घरात मोठं रामायण झालं, मेडिकलवाल्यानं सांगितलं की ही डोक्याच्या आजाराची गोळी आहे, भाऊ चिडला, दोन दिवस दिलीच नाही. ती मानसिक आजारात वापरतात हे खरं, पण कमी डोसमध्ये उलटीवर चांगलं काम करते. दोन दिवस माय ओकत राहिली आणि औषध कपाटात होतं.

उलटी होत असताना गोळी पोटात टिकत नाही, म्हणून ही औषधं कातडीखाली बारीक सुईनं देतात. एक लहान सुई दंडावर किंवा छातीवर चिकटवून ठेवतात, तीच काही दिवस चालते, दर वेळी टोचावं लागत नाही, आणि घरातलं माणूस सिस्टरकडून शिकून घरी देऊ शकतं. मला वाटलं होतं मला जमणार नाही. तिसऱ्या दिवशी जमलं.

उलटी थांबतच नसेल तर नाकातून नळी, रायल्स ट्यूब, घालून पोट रिकामं करतात, त्यानं लगेच हलकं वाटतं. पण ती नाकाघशाला टोचते, फार दिवस ठेवायची नसते, औषधं लागू पडेपर्यंत. जास्त दिवस लागणार असेल तर पोटाच्या कातडीतून सरळ जठरात नळी बसवायचा मार्ग असतो, मग पेशंट तोंडानं चहा, ताक घोट घोट पिऊ शकतो आणि ते नळीतून बाहेर येतं, चव तरी मिळते. पोटात पाणी जास्त असेल तर ते बसवणं अवघड जातं, म्हणून आधी विचारा.

तोंडानं अगदी बंद करायची गरज सगळ्यांनाच नसते. मायला चमच्यानं मोसंबीचा रस, आंबील गाळून, बर्फाचा खडा फडक्यात धरून चोखायला, एवढं चालायचं. दिवसातून एक-दोन उलट्या होतील पण मळमळ नाही, हे तिला चालत होतं, ती म्हणायची उलटीचं काही नाही, मळमळ नको.

आता सलाईनबद्दल. आपल्याकडं जेवत नाही म्हणलं की सलाईन लावा, दोन लावा, त्यात शक्तीचं लाल इंजेक्शन टाका. नातेवाईक येतात आणि विचारतात सलाईन लावलं का, आणि नाही म्हणलं की आपण मारायला बसलोय असं बघतात. पण शेवटच्या दिवसात आतडं अडकलेलं असताना जास्त सलाईन चढवलं की ते आतड्यात, पोटात, पायात, फुप्फुसात उतरतं, उलटी वाढते, सूज वाढते, घशात घरघर वाढते. थोडं लागलं तर डॉक्टर देतील. तहान लागली म्हणत असेल तर बहुतेक वेळा तोंड कोरडं पडलेलं असतं, ते दर तासाला ओल्या मऊ फडक्यानं पुसा, ओठाला तूप लावा, पेलाभर पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकून चूळ भरायला द्या. मायची तहान निम्मी यानंच भागायची.

दुखणं

पोटात दुखू लागलं की गावातल्या डॉक्टरांकडून डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन मारून घ्यायची सवय असते. पाणी कमी पीत असलेल्या, किडनी थकलेल्या पेशंटला ते घातक ठरू शकतं, पोटात रक्तस्राव पण होऊ शकतो. पॅरासिटामॉल चालतं, पण डोलो, क्रोसिन, कॅल्पॉल ही एकाच औषधाची नावं आहेत, दोन नावांच्या गोळ्या एकदम देऊन डबल करू नका. त्यानं भागलं नाही तर ट्रामाडॉल, आणि त्यानंही नाही तर मॉर्फिन. ही शिडी जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ मध्ये सांगितलेली आहे, नवीन काही नाही. मॉर्फिन सगळ्या मेडिकलवर मिळत नाही, सरकारनं मान्यता दिलेल्या दवाखान्यातूनच मिळतं, २०१४ मध्ये कायदा बदलून हे थोडं सोपं केलंय. म्हणून कुठं मिळतं ते दुखणं वाढायच्या आधी विचारून ठेवा.

मॉर्फिनची साधी गोळी साधारण ४ तास चालते. म्हणून दर ४ तासाला, घड्याळ बघून, दुखायची वाट न बघता. दुखल्यावर द्यायची म्हणलं की प्रत्येक वेळी माणसाला आधी दुखणं सोसावं लागतं. रात्री झोपताना बहुतेक वेळा दुप्पट डोस लिहून देतात म्हणजे मधरात्रीचा उठवून द्यावा लागत नाही. मधेच कळ आली तर जादा द्यायची गोळी किती ते लिहून घ्या. पहिले दोन-तीन दिवस झोप जास्त येते, नंतर कमी होते. व्यसन लागेल ही भीती दुखण्यासाठी घेणाऱ्याला धरायचं कारण नाही. पण हाका मारून उठत नसेल, श्वास लई मंद झाला असेल, हातपाय उडू लागले असतील, तर पुढची गोळी थांबवा आणि लगेच फोन करा, किडनी कमी चालत असली की औषध अंगात साचतं.

मायला पहिली गोळी दिली तवा तिनं विचारलं, ही शेवटची गोळी असते का गं? कोणीतरी तिला तसं सांगितलं होतं. मी म्हणलं नाही माय, ही दुखायची गोळी आहे. त्यानंतर ती साडेचार महिने जगली आणि त्यातले निम्मे दिवस अंगणात बसून शेंगा फोडायची.

थांबू नये अशा गोष्टी

एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखू लागली, गरम लागू लागली तर तो पाय चोळू नका, तेल लावू नका. या कॅन्सरमधी रक्ताची गुठळी व्हायचं प्रमाण जास्त असतं, चोळल्यानं ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. दोन्ही पाय हळूहळू सुजले तर ते बहुतेक पोटाच्या दाबानं, पाय उशीवर ठेवा आणि पुढच्या वेळी दाखवा. अचानक दम लागणं, छातीत दुखणं, काळी किंवा रक्ताची उलटी, बारा तास लघवीच नाही आणि ओटीपोट दुखतंय, ताप आणि पोट कडक, अशा वेळी १०८ ला फोन करा. निघताना वही, फाईल आणि रेशन कार्ड, आधार एका पिशवीत तयार ठेवा, आमची पिशवी खुंटीला टांगलेलीच असायची. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा.

आणि पेशंटला तिचं तिला विचारा, शेवटी दवाखान्यात रहायचं का घरी. आम्ही भीत भीत विचारलं, तिचं उत्तर ठरलेलंच होतं, आम्हीच विचारत नव्हतो. घरी रहायचं ठरलं तर रात्री कोणाला फोन करायचा तो नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा, आणि कातडीखाली द्यायची औषधं आधीच आणून ठेवा, कारण आमच्या गावात रात्री नऊनंतर मेडिकल उघडं नसतं आणि पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की रस्ताच बंद होतो.

माय गेल्यावर तेराव्याच्या आत शेजारच्या एक मावशी आल्या, म्हणल्या त्या भारी गोळ्या उरल्या असतील तर दे, माझे गुडघे लई ठणकू लागलेत. त्यांचं दुखणं खरं होतं, पण मॉर्फिन असं दुसऱ्याला द्यायचं नसतं, ज्याला सवय नाही त्याचा श्वास थांबू शकतो. उरलेल्या अकरा गोळ्या मी मोजून वहीत लिहिल्या आणि जिथून आणल्या होत्या तिथं सिस्टरच्या हातात देऊन आले. नाडा मात्र माझ्याकडंच आहे, त्याच्यावरच्या खुणांसकट.